घराण्याचं प्रेशर

काही घराण्यांत गळा असतो, काहींत जमीन असते. फुंकणीच्या घराण्यात प्रेशर होतं. आजोबा काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर नळी फुंकता फुंकता कोसळले. वडिलांची उजवी बाजू निवृत्तीच्या तोंडावर गेली. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, ऐन उमेदीत भट्टीवरून उचलून पॅकिंग खात्यात बसवलं. तिथे तो अजूनही काचेचे चंबू कागदात गुंडाळतो. पाहुणे आले की आत्या या तिघांची हकीकत अशा थाटात सांगायची, की ऐकणाऱ्याला आपलं प्रेशर नॉर्मल असल्याची जराशी लाजच वाटावी.

फुंकणी हे नाव भट्टीवरच्या लोकांनी ठेवलं. प्रयोगशाळेसाठी गोल बुडाचे चंबू फुंकणारी ती कारखान्यातली एकटीच बाई. नाव चिडवण्यासाठी होतं. तिने ते स्वतःच्या डब्यावर लाल रंगाने लिहून आणलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांचा बराच हिरमोड झाला.

यंदाच्या वार्षिक तपासणीत तिचंही प्रेशर चढलेलं निघालं. नव्या आलेल्या डॉक्टर बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, पुन्हा तपासणी होईपर्यंत भट्टीसमोर उभं राहायचं नाही. तेव्हाही आकडा उतरला नाही, तर कायमचं पॅकिंग.

दादाने तिला पाहून शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"ये. पुसून ठेवली होती कधीचीच."

"फार दिवस बसणार नाही मी."

"मीही असंच म्हणालो होतो," दादा कागद फाडत म्हणाला. "हे रक्तातच आहे आपल्या. आणि वेगळ्या गोळ्या कशाला आणल्यास? माझ्यातलीच घ्यायची. रक्त एकच."

"तू तरी रोज घेतोस का?"

"घेतो की. चढल्यासारखं वाटलं की."

दिवसभर चंबू गुंडाळून ती संध्याकाळी तडक दवाखान्यात गेली आणि न विचारता बसली.

"डॉक्टर, एकदा काय ते सांगा. हे रक्तातच असेल तर गोळ्या कशाला? आणि नसेल तर माझी भट्टी का काढली?"

"दोन्ही आहे," डॉक्टर म्हणाल्या. "समजा, ही वितळलेली काच..."

"काचेचं उदाहरण देऊ नका. इथे येणारा प्रत्येक जण देतो."

डॉक्टरांनी काच बाजूला ठेवली. मग साध्या शब्दांत सांगितलं, की प्रेशरचं असं एकच एक जीन बहुतेकांत नसतं. शेकडो असतात, आणि प्रत्येकाचा धक्का चिमूटभर. ती आईबापांकडून येतात, बदलून मिळत नाहीत. पण जीन्सवर रासायनिक खुणा बसतात, आणि कुठलं जीन किती काम करेल हे त्या खुणांवरही ठरतं. खाणं, ताण, आईच्या पोटातले महिने, या सगळ्याचा त्यात हात असू शकतो. काही खुणा पुढे बदलतातही. कुणाच्या किती, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

"नाही. पण आहारातलं मीठ कमी केलं आणि गोळी रोज घेतली की बहुतेकांचं प्रेशर उतरतं, एवढं नक्की माहीत आहे. मीठ किती खाता?"

"बेताचं. खारं पाणी सोडून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कसलं खारं पाणी?"

भट्टीजवळ मिठाच्या पाण्याचं पिंप असे. घामाने अंगातलं मीठ जातं म्हणून आजोबांच्या काळापासून ठेवलेलं. आजोबांनी तेच पाणी घरी सुरू केलं. भट्टीची माणसं आपण, साधं पाणी दुसऱ्यांनी प्यावं, असं त्यांचं म्हणणं. आत्या रोज सकाळी बरणी भरायची. आणि घरातले सगळे पीत. पॅकिंगमध्ये पंख्याखाली बसणारा दादा पीत होता. जन्मात भट्टी न पाहिलेली दादाची मुलगी शाळेत बाटली भरून नेत होती.

"तुमच्या वेळी गरोदर असताना आईही प्यायची?"

"ती तर दोन पेले. आत्या द्यायची."

घरी जाऊन फुंकणीने बरणी उचलली आणि मोरीत उलटी केली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुझ्या आजोबांची पद्धत होती ती."

"आजोबा गेले कसे, ते तूच सांगतेस ना पाहुण्यांना?"

"ते रक्तामुळे."

"रक्तात काय काय घातलं, तेही सांगत जा मग."

"चार बुकं शिकलेल्या बाईने कान भरले तुझे."

"भरू देत. पण उद्यापासून पोरीच्या बाटलीत साधं पाणी."

"आणि तरी चढलंच तिचं?"

"चढलं तर चढलं. आपण ओतलं नाही, एवढं तरी म्हणता येईल."

आत्याने तिच्याशी अबोला धरला. फुंकणीने तो गोळीसारखाच रोज नेमाने घेतला. जेवणातलं मीठही कमी केलं. दादाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि "पाण्याला काही चवच नाही" अशी तक्रार केली. ती शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होती.

तपासणीच्या दिवशी पहिला आकडा वरच निघाला. कंपाउंडर पट्टा सोडत म्हणाला, "घराणंच तसं तुमचं, ताई."

"घराणं बाहेर बसलंय. माझं परत घ्या."

डॉक्टरांनी तिला शांत बसवलं, थोड्या वेळाने स्वतः पट्टा बांधला. आकडा मर्यादेच्या आत होता. जेमतेम, पण आत. गोळ्या चालूच राहतील, तपासणी वरचेवर होईल, चढलं तर पुन्हा पॅकिंग, असं बजावून त्यांनी भट्टीची परवानगी दिली. फुंकणीने मान डोलावली. सुटका झाली असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने मागितलीही नव्हती. तिला भट्टी हवी होती.

बाहेर दादा बाकावर बसला होता. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

"खुर्ची मोकळी झाली," ती म्हणाली. "आत जा, तुझंही बघून घे. आणि स्वतःची गोळी लिहून आण."

भट्टीवर सगळ्यात जुन्या कारागिराने पिंपातला पेला भरून तिच्यापुढे धरला. "घे. तुझा बाप जन्मभर हेच प्यायला."

"बापाचं नाक घेतलंय, आवाज घेतलाय, राग घेतलाय," ती डब्याशेजारची साध्या पाण्याची बाटली उघडत म्हणाली. "तेवढं पुरे."

पाणी पिऊन तिने नळी भट्टीत घातली, काचेचा गोळा उचलला आणि फुंकायला लागली. म्हाताऱ्याने पेल्यातलं पाणी पिंपात परत ओतलं.