उन्हानं न पाहिलेली जागा

मोटारीला खोबरेल चोळणारा आमच्या जिल्ह्यातला पहिला विज्ञान शिक्षक बहुधा मीच. डोक्याला लावतात, बिजागरीला घालतात, मग गाडीच्या सीटला का नको, इतका साधा विचार. मामांनी मुंबईहून पाठवलेली जुनी फियाट मालवणच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत आतून पार उतरली होती. सीटचं आणि दारांचं तांबडं रेक्झिन विटक्या लुगड्यासारखं दिसे. तेलाचा हात फिरवला की तासभर झकास चमकायचं. शिक्षकांच्या खोलीत मी सांगून ठेवलं होतं, "मुंबईचं पॉलिश आहे."

शेवटी तेलानंही भागेना, तेव्हा मी त्याला बोलावलं. मेस्त्री म्हणायचे त्याला सगळे. गाड्या बाहेरून रंगवणारे पुष्कळ होते, आतून रंगवणारा हा एकटाच. बारा वर्षं गोव्यात एका गॅरेजात तेच काम करून तो परत आला होता, कारण घरी आई एकटी आणि तिला आता विहिरीचं पाणीही ओढवत नव्हतं.

आल्या आल्या त्यानं गाडीचं कौतुक केलं नाही, निंदाही केली नाही. म्हणाला, "सर, उनान बघूक नाय अशी जागा खंय आसा?"

मी गोंधळलो. मग त्यानंच मागची सीट उचलली आणि खाली दुमडलेली रेक्झिनची पट्टी उलटली. तिथे ताज्या रतांब्याचा, कोकमाच्या फळाचा, रंग होता, तसाच्या तसा.

"हो तिचो खरो रंग," तो म्हणाला. "बाकीचो उनान खाल्लो."

तुम्हीही अशी कामात बुडालेली माणसं पाहिली असतील. हा वाटीत तांबडा कालवायचा, त्यात काळ्याचा एक थेंब, पिवळ्याची किंचित झाक, आणि काडीनं तो रंग स्वतःच्या नखावर लावून त्या पट्टीशेजारी धरायचा. मी विचारायचो, "जमला का?" तो फुंकर घालत म्हणायचा, "ओलो रंग फशयता, सर. सुकाक देवा." मी दर पस्तीस मिनिटांनी घंटा ऐकणारा माणूस. मला ते सुकणं सोसवत नसे.

त्याच्या दहा नखांवर दहा तांबडे असत. मासळीबाजारातून जाताना एक कोळीण हमखास ओरडायची, "मेस्त्री, मेंदी काढलंस काय रे? तुका बघूक कधी येतले?"

हा मान वर न करता म्हणायचा, "सुकल्यावर."

रंग लावण्याआधी त्यानं सीटवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल-बिल लावलेला नाय मां? लावलेला आसात तर सांगा. आठ दिस सोड्यान धुवूक व्हया. तेलावर रंग ऱ्हवणा नाय."

नेमके आमचे चित्रकलेचे मास्तर फाटकात उभे होते. मुंबईच्या पॉलिशची सगळ्यात जास्त वाखाणणी त्यांनीच केली होती. मी म्हणालो, "गाडीला तेल? मी काय तिची वेणी घालतो की काय, मेस्त्री?" मास्तर हसले. मेस्त्रीही हसला. मी त्याच्याशी शाळेतली मराठी बोलत असे. खोटं त्या भाषेत जास्त शोभतं.

मलमलीच्या बोळ्यानं त्यानं पातळ हात दिले, एकावर एक, तीन दिवस. गाडी अशी दिसू लागली की कुठे जायचं नसलं तरी मी दारं उघडून ठेवायचो.

त्याच सुमारास ओरोसला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या येत होत्या. साहेबलोकांसाठी मिठबावच्या एका टॅक्सीवाल्यानं तीन जुन्या गाड्या घेतल्या होत्या, आणि मेस्त्रीचं काम पाहायला तो माझ्या गाडीत बसणार होता. आदल्या दिवशी मेस्त्री पहिल्यांदाच आपणहून बोलला, "ह्येनी काम दिल्यान तर माझो हयच जम बसतलो. परत गोंयाक जावचा लागूचा नाय. आवशीक आता एकटी सोडूक मन होणा नाय."

मी त्या टॅक्सीवाल्याला भर दुपारी अर्धा तास फिरवून आणलं. तो उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ लालभडक झाली होती.

"मेस्त्री, ह्यां काय रे? माझे सायेब असेच कचेरीत जातले?"

मेस्त्री पुढे आला. सीटवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मागून येणाऱ्यासाठी आपण दार धरून उभे राहतो ना, तसं.

"सर, तेल नाय मां लावलेला?"

फाटकात त्या दिवशी कुणी नव्हतं. 'लावलं होतं' एवढे दोनच शब्द, आणि त्या माणसाचं घर जागेवर राहिलं असतं.

मी म्हणालो, "नाही हो. एकदा सांगितलं ना."

त्यातलं खोटं एक वेळ विसरेन. पण ते 'एकदा सांगितलं ना' आठवलं की आजही कान तापतात.

"मगे माझोच हात चुकलो," तो टॅक्सीवाल्याला म्हणाला.

त्या तिन्ही गाड्या रंगवायला कोल्हापूरला गेल्या. मेस्त्री दुसऱ्या दिवशी सोडा घेऊन माझ्या दारात हजर. सीट धुवायला लागला. एक दिवस, दोन दिवस, बरोबर आठ दिवस. मी चहा नेऊन द्यायचो, तो प्यायचा. नवव्या दिवशी त्यानं पुन्हा रंग लावला. तो रंग गाडी विकेपर्यंत हलला नाही.

काम संपलं आणि त्याच आठवड्यात सकाळच्या एसटीनं तो गोव्याला गेला.

महिन्याभरानं बायको त्याच्या आईला बांगडे देऊन आली. दुपारी मला वाढता वाढता सांगू लागली, "म्हातारी दारात बसान सारख्या एकच सांगता. माझ्या झिलाचो हात पयल्यासारखो ऱ्हवाक नाय, कोणाचा तरी काम बिघडयल्यान, म्हणान गेलो."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी बायकोला सगळं सांगून टाकलं. खोबरेलाची बाटली, वेणीचा विनोद, दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न. वाटलं, रागावेल आणि मग नेहमीसारखी समजूत काढेल. आमच्या घरी माझ्या चुका अशाच मिटत आल्या होत्या.

तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"माका सांगान तुमका बरा वाटला. म्हातारेक खंय बरा वाटला? हात धुवा आणि आदी तिच्याकडे जावा. ताट मी झाकान ठेवतंय."