मी पळवून लावलेला साक्षीदार शोधायला वाशीमला

वाशीमला जायचं मी ठरवलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला पाठवलं गेलं, आणि पाठवावं लागलं ते माझ्यामुळेच.

मी पुण्यातल्या एका संस्थेत काम करतो. वन्यप्राण्यांच्या तस्करीत माल एका देशात पकडला जातो आणि प्राणी दुसऱ्याच देशात मारलेला असतो. अशा वेळी त्या त्या देशांतले कस्टमवाले, पोलीस आणि वनखातं यांना एकमेकांशी बोलतं करणं हे आमचं काम. माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की सहीखाली ते दोन ओळी खातं. प्रत्यक्षात मी ईमेल पाठवतो, ते पोचले का हे विचारणारे ईमेल पाठवतो, आणि घड्याळांचा मेळ चुकवून तीन देशांतल्या माणसांना एकाच बैठकीसाठी वेगवेगळ्या वेळी बसवून ठेवतो.

गेल्या वर्षी उत्तर युरोपातल्या एका बंदरावर एक पार्सल पकडलं गेलं. आत 'हाताजोडी' नावाच्या वाळक्या, शेंदूर लावलेल्या वस्तू होत्या. भरभराट देणारी दुर्मिळ मुळी म्हणून त्या शेजारच्या देशातल्या एका पूजासाहित्याच्या दुकानात आणि ऑनलाइन विकल्या जात होत्या. तपासणीत निघालं की ती मुळी नसून घोरपडीच्या नराचं लिंग आहे. आपल्याकडे घोरपडीला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. दुकानदार म्हणाला, मला काय ठाऊक, मी मुळी समजूनच मागवत होतो. त्याला ठाऊक होतं हे सांगू शकेल असा एकच माणूस आमच्या कागदांवर होता: वाशीम जिल्ह्यात, मालेगावजवळच्या एका वस्तीवर राहणारा वसंता. माल त्याने पुरवला होता, त्याच्यावर इथे गुन्हा नोंद होता, आणि तो व्हिडिओवरून साक्ष द्यायला तयार होता. (नावं बदलली आहेत. वस्तीचं नाव मुद्दामच देत नाही.)

परवानग्या मिळवण्यात सहा महिने गेले. मग वसंताला कळवायचं पत्र मी स्वतः मराठीत लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फारच आवडलं होतं: 'सीमापार न्यायिक सहकार्याच्या प्रक्रियेअंतर्गत आपणांस परकीय न्यायालयासमोर दृश्यमाध्यमाद्वारे हजर करण्यात येईल.' ऑफिसात दोघांना वाचूनही दाखवलं. पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी वसंता घर सोडून निघून गेला.

तर मंडळी, प्रवास. मी नागपूरहून भाड्याच्या गाडीने समृद्धी महामार्ग धरला. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे, झोप येते, म्हणून मध्ये थांबत जा. खाण्यापिण्याची ठिकाणं लांब लांब आहेत, पाणी बरोबर ठेवा, आणि टोलसाठी फास्टॅगमध्ये शिल्लक बघूनच निघा. अडीच-तीन तासांत शेलूबाजारला खाली उतरता येतं. ऑक्टोबर होता. सोयाबीनची सोंगणी चालू होती, रस्त्याच्या कडेला गंजी लागल्या होत्या आणि मळणीयंत्राचा भुसा हवेत होता. शेलूबाजारला स्टँडजवळ गरम आलुबोंडा मिळतो, त्यावर कढी ओतून देतात. दोन खा. मी तीन खाल्ले आणि पुढचा अर्धा दिवस त्याची किंमत मोजली.

तिथे मला वनरक्षक मनीषाताई भेटल्या. तिशीच्या, शांत बोलणाऱ्या, स्वतःच्या मोटरसायकलवर आलेल्या. मी या कामासाठी खास सहा खिशांची खाकी पँट, डोंगर चढायचे बूट आणि गोल कडेची टोपी घेतली होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, टोपी काढून ठेवा," त्या म्हणाल्या. "पहिलेच लोक भेऊन राह्यले."

मी टोपी काढली. पँटचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मालेगावपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पुढे वस्तीकडे वळल्यावर गाडी हळू घ्यावी लागते. वाटेत मनीषाताईंनी सांगितलं की माझं पत्र वस्तीवर कुणालाच समजलं नव्हतं. मालेगावच्या एका झेरॉक्सवाल्याने ते वाचून अर्थ सांगितला होता: तुला परदेशात नेऊन कोर्टात उभं करणार, आणि तिथून परत कधी पाठवतील ते लिहिलेलं नाही. वसंता दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा. या वेळी दसऱ्याआधीच मुकादमाला फोन करून तो पश्चिमेकडे निघून गेला.

घरी त्याची बायको होती, रुख्माबाई. ओसरीत तूरडाळ पाखडत बसली होती. वय पस्तिशीचं असेल. मनीषाताईंना तिने बसायला पोतं टाकलं, मला टाकलं नाही. मी उभाच राहिलो आणि नवे बूट चावायला लागले.

मी माझं भाषण सुरू केलं. आंतरराष्ट्रीय सहकार्य, जैवविविधता, साखळी तोडणं, असं सगळं. हाताजोडीचा उल्लेख आला तेव्हा बाईमाणसासमोर काय म्हणावं ते सुचेना, म्हणून मी 'नर सरीसृपाचा युग्मित अवयव' असं म्हणालो. तिने सूप खाली ठेवलं.

"घोरपडीच्या नराचं लिंग हाय ते, भाऊ. सरळ सांगा ना," ती म्हणाली. "ते चिट्ठी तुमीच लिहिली काय?"

मी हो म्हणालो. माझं मराठी मला आजवर इतकं महाग पडलं नव्हतं. मी पत्रातल्या त्या वाक्याचा अर्थ सांगितला: वाशीमला कोर्टातल्या एका खोलीत बसायचं, समोर टीव्हीसारखा पडदा असेल, विचारतील त्याचं उत्तर द्यायचं आणि घरी यायचं. मग तिने विचारलं की असं लिहायला काय झालं होतं. मी चूक कबूल केली. तेव्हा तिने मलाही बसायला पोतं दिलं.

त्यानंतर तिने जे सांगितलं त्याने आमची सहा महिन्यांची मेहनत उलटीपालटी झाली. एक हिंदी बोलणारा दलाल माल न्यायला यायचा. माल पसंत करायला तो त्या परदेशातल्या दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावायचा, आणि मोबाइल वसंताच्या हातात द्यायचा.

"आमच्या घरच्यायनं फकस्त मोबाइल धरला होता," ती म्हणाली. "घोरपड माह्या हातात होती. म्या कापून राह्यली होती, अन् तो पलीकडून पाहून राह्यला होता. मोठा पाहिजे म्हणे. अखीन दाखव म्हणे."

म्हणजे दुकानदाराशी मोडक्या हिंदीत बोलली ती रुख्माबाई. तिने त्याचा चेहरा पाहिला होता, आवाज ऐकला होता. वसंता मोबाइलच्या मागे उभा होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. तीन देशांनी मिळून, शिक्क्यांसकट, चुकीच्या माणसाला साक्षीदार केलं होतं. पोलिसांपासून माझ्यापर्यंत कुणीच तिला काही विचारलं नव्हतं.

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. बाहेर जाऊन हेलेनाला, म्हणजे तिकडच्या तपास करणाऱ्या कस्टम अधिकारी बाईला, फोन करायला मी मोबाइल काढलासुद्धा. मनीषाताई माझ्यामागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, गुन्ह्यात त्यायचं नाव नाई अजून. ह्या बोलल्या, तर येईन."

मी मोबाइल खिशात ठेवला. सहा खिशांपैकी कुठल्या, ते नंतर सापडेना.

घरात दोन मुली शाळेत जाणाऱ्या. नवरा दूर. मी गप्प राहिलो असतो, तर ती वाशीमला आली असती आणि सगळं सांगून मोकळी झाली असती. केस जिंकली असती. मी परत जाऊन पोत्यावर बसलो आणि तिला सांगितलं की ताई, हे तुम्ही कोर्टात सांगितलंत तर तुमच्यावरही गुन्हा लागू शकतो. मला काही सांगू नका. आधी वकिलाशी बोला, वाशीमला कोर्टात गरिबांसाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो. या वेळी मी एकही लांब शब्द वापरला नाही. ती म्हणाली, पाहू.

जेवायला तिनेच थांबवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याबद्दल एवढंच लिहितो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिची धाकटी मुलगी आईला विचारत होती की हे काका काहून रडून राह्यले.

दुसऱ्या दिवशी रुख्माबाई सकाळच्या गाडीने वाशीमला आली. मी स्टँडजवळच्या साध्या, स्वच्छ लॉजवर उतरलो होतो. तिला सरकारी खर्चाने मिळालेल्या वकीलबाईंनी मला खोलीच्या बाहेर बसवलं, आणि ते बरोबरच होतं. त्या वेळात मी बालाजीच्या देवळात जाऊन आलो. देऊळ बघण्यासारखं आहे, गर्दी नसेल तेव्हा जा. मी तिथेही बसून तिचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून मागणं मागत होतो, आणि आपली बाजू नक्की कुठली ते देवाला सांगता येत नव्हतं.

दीड तासाने ती बाहेर आली. साक्ष देणार म्हणाली. सोबत माफीचा साक्षीदार करून घेण्याचा अर्ज वकीलबाई करणार होत्या, पण तो मंजूर होईलच असं नाही, हेही तिला माहीत होतं. मी विचारलं, का? ती म्हणाली की दलाल आता शेजारच्या वस्तीवरच्या पोरींना पैशाची भूल घालतोय, आणि पकडले गेले तर त्यांचेच नवरे तुरुंगात जातील, तो दुकानदार नाही.

कागद बदलायला तीन आठवडे लागले. मी पुन्हा वाशीमला आलो, या वेळी साधी पँट आणि चपला घालून. कोर्टाच्या बाहेर बाकावर एक काटक माणूस बसला होता, वसंता. ऊसतोडीवरून दोन गाड्या बदलून आला होता. मला त्याने नमस्कार केला नाही, पण सरकून जागा दिली.

तिकडच्या कोर्टाने नेमलेल्या दुभाष्याला रुख्माबाईची वऱ्हाडी कळेना. दोन्ही बाजूंच्या संमतीने मला शपथ देऊन तिच्या शेजारी बसवलं. तिने पडद्यावरच्या दुकानदाराला ओळखलं. कॉलवर तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. मग त्याच्या वकिलाने विचारलं, हे करणं गुन्हा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? वकीलबाई लगेच म्हणाल्या की याचं उत्तर न देण्याचा तिला अधिकार आहे.

रुख्माबाईने पडद्याकडे बघितलं. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्यालेबी मालूम होतं. म्हणून तर तो हळू बोले."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिलं वाक्य थोडं मऊ करायचं मनात आलं. 'अंदाज होता' असं म्हटलं असतं, तर कुणाला कळलं नसतं, आणि तिचं कदाचित भलं झालं असतं. पण मग दुसऱ्या वाक्याला जोर राहिला नसता. आणि ते वाक्य तिचं होतं, माझं नव्हतं. मी दोन्ही जशीच्या तशी सांगितली. हेलेना नंतर म्हणाली की त्या उत्तरानंतर दुकानदाराने मान खाली घातली ती वर केली नाही.

त्याला दोषी ठरवलं गेलं. इकडे दलाल पकडला गेला. रुख्माबाईचं नाव आता आरोपींत आहे, अर्जावर निर्णय बाकी आहे, तारखा पडतायत. तुम्ही तिकडे जाणार असाल, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा छान असते. हाताजोडी कुणी विकायला आणली, तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.

पुण्यात आल्यावर आमच्या मोठ्या बैठकीत या केसचं सादरीकरण झालं. तीन देशांच्या नमुनेदार समन्वयाचं उदाहरण म्हणून टाळ्या पडल्या. मीही उभा राहून त्या घेतल्या. रुख्माबाईचं नाव गोपनीयतेमुळे घेता येत नव्हतं, हे कारण खरंच होतं, पण मला ते जरा जास्तच सोयीचं वाटलं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. तारीख पुढे गेली म्हणाली, मुली बऱ्या आहेत म्हणाली. मग थांबून विचारलं, "भाऊ, मी त्या दिवशी 'मले मालूम होतं' म्हटलं, ते तुमी तसंच सांगतलं ना? काई बदललं तर नाई?"

मी म्हणालो, तसंच सांगितलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

नोकरीतल्या इतक्या वर्षांत मी दिलेलं हे एकच उत्तर असेल, ज्याच्यासोबत काही जोडावं लागलं नाही.