तिच्या जॉबची चौथी बाजू

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी शिकलं नव्हतं, त्यामुळे आयटीआयत काय चालतं आणि काय चालत नाही, हे विचारायला मला कोणी नव्हतं. मी वेल्ह्याकडच्या पासली गावची. फिटर ट्रेडला प्रवेश मिळाला तेव्हा शाळेतले एक सर सोबत आले आणि त्यांनी फॉर्म भरून दिला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरीच सही केली होती. भोरला मी मुलींच्या वसतिगृहात राहू लागले.

आमच्या बॅचला मुली दोनच. दुसरी भोंगवलीची. वर्गात बहुतेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचे, म्हणून मी 'पासली' आणि ती 'भोंगवली'. एक हायवेवरच्या किकवीचा होता, त्याला मात्र सगळे 'हायवे' म्हणायचे.

पहिले दोन-तीन महिने फिटरला फक्त फाईल, म्हणजे कानस, मारायची असते. हाताएवढा लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि फाईलने घासून त्याच्या चारही बाजू सरळ करायच्या. मग गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला, तर बाजू वाकडी. त्या तुकड्याला जॉब म्हणतात. हे घडलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जॉब जमा करायचा होता आणि त्याचे गुण वर्षाच्या निकालात धरले जाणार होते.

माझा जॉब जेवणाच्या सुट्टीआधीच झाला. हाताला काम नवीन नव्हतं, एवढंच. भोंगवलीच्या तळव्याला फोड आले होते. तिच्या तीन बाजू कशाबशा झाल्या होत्या, पण चौथीवर उजेडच उजेड. ती तळव्यावर फुंकर मारत होती. मी तिच्या व्हाइसशी गेले, तिला जरा बाजूला सरकवलं आणि फाईल हातात घेतली.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या क्षणी मी कसलाच विचार केला नव्हता. आमच्याकडे भाताची कापणी इर्जिकीने होते. सगळी घरं मिळून एकेकाचं खाचर कापतात. ज्याचं आधी उरकलं तो बांधावर बसत नाही, पुढच्याच्या खाचरात उतरतो. बसला तर लोक नावं ठेवतात. मी तेच केलं.

संध्याकाळी वर्कशॉपचे सर एकेक जॉब उचलून बघत होते. भोंगवलीचा जॉब त्यांनी चारही अंगांनी फिरवला आणि एका बाजूवर अंगठा ठेवला.

"ही बाजू कोणी मारली?"

फाईलच्या बारीक रेघा लोखंडावर राहतात. बाकीच्यांच्या रेघा एकीकडे कललेल्या होत्या. मी डावखुरी, त्यामुळे माझ्या उलट्या. सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"मी मारली, सर," मी म्हणाले.

"जॉब तिचा आणि हात तुझा?"

त्यांनी आमचे दोन्ही जॉब ड्रॉवरमध्ये टाकले. "परवा दोघींच्या घरून कोणीतरी आलं पाहिजे."

बाहेर पडताना हायवे म्हणाला, "पासली, माझ्याबी रानात ये की उद्या. भाकरी घालतो." सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरच्यांना बोलावतात ते पटावरून नाव काढायलाच, असं मी शाळेपासून धरून चालले होते. नाव गेलं तर मी पासलीत परत, आणि मग माझ्या पाठच्या बहिणीला तरी कोण पाठवणार? भोंगवली वाटभर एकच म्हणत होती, "तुला कुणी सांगितलं हुतं गं? म्या म्हनलं का, कर म्हनून?" तेही खरंच होतं.

गावाकडे ऐन भाताच्या झोडणीचे दिवस. सरांनी बोलावलंय, एवढंच आप्पांना फोनवर कसंबसं सांगितलं. "येतो," म्हणाले.

पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून नसरापूर आणि तिथून भोर अशा तीन गाड्या बदलून ते आले. भोंगवलीची आई सकाळीच येऊन बसली होती. वर्कशॉपच्या दाराशी आप्पांनी देवळात काढतात तशा चपला काढल्या.

"चपला घाला दादा, खाली लोखंडाचा कीस आहे," सर म्हणाले.

आप्पांनी चपला घातल्या, पण उभेच राहिले. "सायेब, पोरीनं चोरी केली का?"

"चोरी नाही. हिनं दुसरीचं काम करून दिलं."

"मग? आमच्यात तर ह्याला चांगलं म्हनत्यात."

सर मात्र रागावले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि आप्पांना बसवलं. "मला एक सांगा. कापणीला नवीन माणूस आला, विळा धरता येत नाही, तर त्याला काय करता?"

"त्याला मदी घेतो. हिकडं एक जुना, तिकडं एक जुना. बघून बघून शिकतो."

"आणि त्याच्या वाट्याची पात कोण कापतं?"

"त्योच कापतो की. मागं ऱ्हायला तर आमी थांबतो. त्याची पात आमीच कापली, तर त्यो औंदाबी शिकायचा न्हाई अन् फुडल्या साली..." आप्पा मधेच थांबले. मग माझ्याकडे वळले. "मग तू तिची पात का कापलीस गं?"

भोंगवलीची आई पदरात हसली. "व्हय की. आमची बसली असंल आयतं बघत."

"परीक्षेला ही एकटीच असणार," सर भोंगवलीकडे बघून म्हणाले. "तिथे पासली येणार नाही."

आप्पांनी विचारायचं ते शेवटी विचारलंच. "म्हंजे नाव न्हाई ना काढत?"

"नाव कशाला काढू? दोन महिने झाले, तुमच्या घरचं कोणी इथे आलं नाही. मुलगी काय करते ते तुम्ही एकदा बघावं, म्हणून बोलावलं. जॉब दोघींनी शनिवारी पुन्हा करायचा, माझ्यासमोर."

मग सरांनी आप्पांच्या हातात फाईल दिली. आप्पांनी दोन हात मारले आणि म्हणाले, "विळ्यापरास जड हाय." जाताना त्यांनी मला फक्त जेवलीस का म्हणून विचारलं. मी आदल्या दिवसापासून नीट जेवले नव्हते, तरी हो म्हणाले. मग खरंच जाऊन जेवले.

शनिवारी आम्ही शेजारशेजारच्या व्हाइसला उभ्या राहिलो. सरांनी मला एवढंच बजावलं, "तोंड चालव, हात नको." ते फार अवघड गेलं. कोपर वर कर, नुसत्या हाताने नको, अंगाने ढकल, असं मी सांगत राहिले आणि तिने दोनदा मला गप्प बसवलं. फोडांवर तिने चिंधी बांधली होती. दुपार कलली तेव्हा तिने गुण्या लावून जॉब खिडकीकडे धरला. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड होता, बाकी नाही. सरांनी बघितलं, तोंड जरा वाकडं केलं आणि जॉबवर ठोकून तिचा रोल नंबर उमटवला. ती काठावर पास झाली. मग माझाही घेतला. तिच्याकडे बघण्याच्या नादात माझी एक बाजू आधीच्यापेक्षा कच्ची झाली होती. दोन गुण कमी पडले.

आप्पांना फोन लावला. मागे झोडणीचा आवाज येत होता.

"झालं, आप्पा."

"तुजं का तिचं?"

"दोघींचं. आपापलं."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवून कामाला लागले.