पानसुपारीच्या दिवशी पडलेला उंदीर

माझा जाहीर सत्कार आयुष्यात एकदाच झाला. त्या दिवसाची आठवण निघाली की अजून पायांवरून काहीतरी चढतंय असं वाटतं आणि मी बसल्या जागी पाय वर घेतो. लोक म्हणतात, त्या काळात एम.एस्सी. होणं म्हणजे केवढी गोष्ट, सांगा की त्या दिवसाचं. मी काहीतरी दुसरंच बोलायला लागतो. आता बोलायला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहून टाकतो.

पदवी घेतली ती उत्तरेतल्या एका नव्या, छोट्या विद्यापीठाची. छोटं म्हणजे किती, तर प्राणिशास्त्राच्या वर्गात आम्ही तिघेच होतो आणि पदवीदानाच्या दिवशी काळे झगे आले दोनच. पहिला मुलगा व्यासपीठावरून उतरला, कनातीमागे त्यानं झगा काढला आणि तोच मी घाईघाईनं अंगात घातला. तो मला गुडघ्यापर्यंतच आला. माझा अभ्यासाचा विषय उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा होता. दोन वर्षं मी मेलेल्या उंदरांच्या केसांतून पिसवा वेचत बसलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

सोलापुरात परतलो तेव्हा पेठेतल्या लोकांना पदवी कळली, पिसवा काही कळल्या नाहीत. "येवढ्या लांब जाऊन पिसवाच बघायच्या हुत्या, तर आमच्या वाकळंत काय कमी हायत्या व्हय?" असं केम गावाहून आलेले आमचे चुलते म्हणाले आणि स्टेशनापासून घरापर्यंत टांग्यात हसत राहिले. वडील मात्र हसले नाहीत. मेंढरं राखणाऱ्या घरातून शिकून ते मराठी शाळेत मास्तर झाले होते. पोराच्या पदवीची थट्टा त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की येत्या रविवारी दुपारी चार वाजता घरी पानसुपारी करायची, आणि अध्यक्ष म्हणून म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना बोलवायचं. ह्या डॉक्टरांना पिसवांची माहिती असलेला माणूस प्लेगच्या कामावर हवा होता. वडिलांनी ते कुठूनतरी शोधून काढलं होतं. सत्काराच्या निमित्तानं मी साहेबांच्या नजरेत भरावा, एवढाच त्यातला मतलब होता.

प्लेग तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण गेलाही नव्हता. थंडी पडली की सगळं गाव कान टवकारून बसायचं. एखाद्या घरात उंदीर आपोआप मरून पडला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'उंदीर पडला', की म्युनिसिपालिटीला त्याची वर्दी द्यायची, घर सोडायचं आणि गावाबाहेर रानात झोपडी घालून राहायचं. हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. त्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकाला काही घरं बंद झाली होती. आमच्या पेठेत अजून शांत होतं, आणि ती शांतता मला चांगली वाटत नव्हती. शनिवारी आमच्या घरामागच्या गल्लीत मांजरं एकाच भिंतीकडं तोंड करून बसलेली मी पाहिली होती. कुणाला बोललो नाही. सत्काराच्या आदल्या दिवशी असलं कोण बोलणार?

आता आत्याचं सांगतो. माझी आई मी रांगत असतानाच गेली. वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, आमच्या घरी आली आणि तिनं मला वाढवलं. माझ्या तोंडात पहिला घास तिनं घातला, शाळेत पहिल्या दिवशी ओढत नेलं तिनं, आणि परक्या मुलखात शिकायला निघालो तेव्हा वडील नको म्हणत असताना "जाऊ दे की त्याला" असं म्हणणारी ती एकटीच होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण मी सुट्टीत आणलेली पिसवांची काचपट्टी ती भिंगातून तासन् तास बघायची आणि म्हणायची, "आगं बया, हिला तर मिशा हायत्या की!"

रविवारी सकाळी, नऊचा सुमार असेल, तिनं मला ज्वारीच्या खोलीतून हाक मारली. ही खोली आमच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेला, लागूनच होती. पोती ठेवायची खोली, एकच दार, तेही सोप्यातच उघडणारं. आत्या तिथंच निजायची. मी गेलो. भिंतीच्या कडेला उंदीर पडला होता.

"माझ्या म्होरंच आला," आत्या हळू आवाजात म्हणाली. "उजेडात आला, भ्याला न्हाय, गरगर फिरला आन् पडला."

मी वाकून बघितलं. ह्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. अजून तो गार झाला नव्हता. मी चिमट्यानं उचलला, परसात नेऊन रॉकेल ओतून जाळला. पण एक उंदीर जाळून भागत नाही हे माझ्याइतकं त्या गावात कुणालाही कळत नव्हतं. परत येऊन मी खोलीच्या जमिनीवर रॉकेल शिंपडायला लागलो, तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"वास सुटंल. मानसं इचारतील, कशाचा वास म्हनून. आज कायबी करू नगं. उद्या सकाळी सांगू तुझ्या बापाला."

"आत्या, आत्ताच घर सोडायला हवं."

"आन् साहेब येनार हायत त्याचं काय? जिलबी पडली बग कढईत. येका दिसानं काय हुतंय?"

मी रॉकेलची बाटली खाली ठेवली. खरं सांगायचं तर तिनं हात धरला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. जे मला म्हणायचं होतं आणि शरमेनं म्हणता येत नव्हतं, ते तिनं म्हणून टाकलं होतं. वडिलांना मी काही सांगितलं नाही.

साडेतीनला सोप्यात जाजम अंथरलं गेलं. शाळेतून खुर्च्या आल्या, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी शेजाऱ्यांकडून. साहेबांच्या पाठीमागं ज्वारीची पोती दिसू नयेत म्हणून वडिलांनी त्या खोलीच्या दारावर नवी चादर पडद्यासारखी लावली. मग आत्याला म्हणाले, "अक्का, तू आतच बस."

ह्यात त्यांना किंवा तिला काही वावगं वाटलं नाही. मला पाच सवाष्णी ओवाळणार होत्या. अशा वेळी पांढऱ्या कपाळाची बाई समोर येऊ नये हे घरात कुणाला सांगावंही लागत नव्हतं. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तिथं नको. परसात बस, स्वयंपाकघरात बस."

"तितं समद्या सवाष्नी हायत. त्यांच्या वाटंत मी कुटं बसू?" ती म्हणाली. "हितनं मला तुझं समदं ऐकू यील की." आणि चादर बाजूला करून आत गेली.

मी दोन गोष्टी करू शकत होतो. उंदीर पडला असं सांगून समारंभ मोडता आला असता. नाहीतर आत्याचा हात धरून तिला सगळ्यांच्या देखत पहिल्या खुर्चीवर बसवता आलं असतं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी कोट घातला.

डॉक्टर वेळेवर आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांची खुर्ची चादरीच्या अगदी पुढ्यात होती. ओवाळणं झालं, हार झाले, शाळेच्या हेडमास्तरांनी "सोलापूरचं भूषण" वगैरे म्हणून घेतलं. वडील दाराशी उभे होते आणि त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुमच्या पेठेतून यंदा एकही वर्दी नाही," ते म्हणाले. "खरंच नाहीत उंदीर, की लोक लपवतात?"

"लपवत असतील, साहेब," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"तुमच्या घरात?" त्यांनी हसतच विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

ते एवढं सहज तोंडातून आलं की मलाच नवल वाटलं. मग डॉक्टर म्हणाले, ह्या पिसवांबद्दल आम्हाला चार शब्द सांगा, ह्या मंडळींनाही कळू द्या. मी उभा राहिलो. सुरुवातीला जीभ जड होती. पण दोन वर्षं ज्या गोष्टीनं डोकं भरून गेलं होतं तिच्याबद्दल पहिल्यांदाच माझ्या गावची माणसं ऐकत होती. मी रंगलो. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात, असं मी सांगितलं. त्यांना पंख नसतात, उडी मारून त्या माणसाच्या घोट्यापर्यंत पोचतात. उंदीर जाळला तरी त्या जमिनीवर, फटीत, पोत्यांच्या बुडाशी राहतात.

"म्हणून ज्या खोलीत उंदीर पडला," मी म्हणालो, "तिथं माणसानं घटकाभरसुद्धा बसू नये."

हे वाक्य बोलताना माझे डोळे डॉक्टरांच्या डोक्यावरून मागं, चादरीवर गेले. आत ती तीन हातांवर बसली होती. तिला ऐकू जात होतं हे मला माहीत होतं. ती उठेल असं मला वाटलं, उठावं असं वाटलं, आणि उठली तर काय होईल ह्याची भीतीही वाटली. बाहेर यायचं तर सोप्यातून, साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून, सगळ्यांच्या देखत यायला हवं होतं. चादर हलली नाही. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी उठून माझा हात हातात घेतला आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, ह्यांना आता घरी बसू देऊ नका. मला द्या."

मंडळी पांगायला दिवेलागण झाली. शेवटचा माणूस उंबऱ्याबाहेर पडला तसा मी चादर ओढून आत गेलो. आत्या पोत्यावर बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

"लई झ्याक बोललास," ती म्हणाली. "समदं कळलं मला. घोट्यापत्तूर येत्यात म्हनलास, तवा मी पाय वर घेतलं बग पोत्यावर."

मी तिच्या पायांकडं बघितलं. डाव्या घोट्यावर दोन लाल ठिपके होते.

"डास असतील," मी म्हणालो.

"असतील," ती म्हणाली. "तुला कळतंय त्यातलं."

तेव्हा मी वडिलांना सांगितलं. त्यांनी गळ्यातलं उपरणं काढून खाली ठेवलं. "मला सकाळीच का सांगितलं नाहीस?" म्हणाले. मग भिंतीकडं तोंड करून, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "बरं झालं नाही सांगितलंस" असंही म्हणाले. मला ऐकू गेलं. ह्या दुसऱ्या वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही, कारण ते माझ्याही मनात होतं.

सोमवारी सकाळी वर्दी दिली आणि होटगीच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात झोपडी घातली. तीन दिवस काही झालं नाही. आत्या चूल मांडायची, काटक्या गोळा करायची, मला म्हणायची, रानात भूक चांगली लागती. मी सारखा तिच्याकडं बघायचो. मी बघतोय हे तिला कळलं की ती हसायची, आणि ते हसणं मला नको व्हायचं. गुरुवारी तिनं भाकरी अर्धी टाकली आणि थंडी वाजते म्हणून उन्हात जाऊन बसली. दुपारपर्यंत अंग तापलं. संध्याकाळी जांघेत गाठ आली होती. ती तिनं मला दाखवली नाही, पण चालताना पाय फाकून टाकत होती, तेवढं मला पुरलं.

शुक्रवारी डॉक्टर स्वतः झोपडीत आले. मला हाताखालचा माणूस समजून बोलत होते. त्यांनी गाठ बघितली, वही काढली आणि विचारलं, "उंदीर कधी पडला?"

मी तोंड उघडलं. मला शपथेवर सांगता येत नाही की मी काय बोलणार होतो. माझ्या आधी आत्याच बोलली. डोळे तांबडे झाले होते, जीभ जड पडली होती, तरी नीट बोलली.

"सोमवारी सकाळी, सायेब. पानसुपारी झाली त्येच्या दुसऱ्या दिशी. म्या सोता बगितला."

"सोमवारी?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. जाताना म्हणाले, पहिल्या तारखेपासून कामावर या, असल्या घरांतूनच तुम्हाला फिरायचंय. वडील त्यांना पोचवायला बांधापर्यंत गेले.

आत्यानं मला जवळ बोलावलं. लागली का रं नोकरी, असं विचारलं. मी लागली म्हणालो. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"मग लोकांच्या घरला जाशील तवा," ती म्हणाली, "मागल्या खोलीत कोन बाई बसलीया का बगत जा. तिला आदी भायेर काढ."

शनिवारी सकाळी ती गेली. त्या रविवारबद्दल एवढंच ती मला बोलली. त्यापेक्षा जास्त बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.