उपास

हिंगोलीच्या ज्या सेंटरात मी कामाला होतो, तिथं डोक्याचा स्कॅन काढायचा तर माणसाला निपचित पडून राहावं लागे. लहान लेकरं कुठली पडतात? त्यांना आधी भुलीचं इंजेक्शन. भूलवाल्या डॉक्टरांना बोलावणं, कागदावर सही घेणं आणि पोट रिकामं ठेवायला सांगणं, हे माझं काम. दोन हजार सालानंतरची गोष्ट.

कामाला लागून आठवडा झाला असेल. पुसेगावकडच्या एका तांड्यावरची बाई झटके येणारं लेकरू घेऊन आली. मी ऐटीत सांगितलं, "उद्या लेकराला उपास धरा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुई भरून तयार. लेकरानं काही खाल्लं का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब, उपासच हाय. साबुदाणा तेवढा चारला."

सुई परत ठेवली गेली. बाईला दोन जीपा बदलून पुन्हा यावं लागलं, याची मला लाज वाटली. पण डॉक्टर भरल्या व्हरांड्यात माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्याला इंजेक्शनची गरज नाही. हा जन्मतःच भुलीत आहे." याचा मात्र राग आला. तेव्हापासून झाडूवालीसुद्धा मला उपासबुवा म्हणू लागली.

तो राग मी दीड वर्ष लोणच्यासारखा मुरवला. मग डॉक्टरांच्या आईचाच स्कॅन निघाला. म्हातारीची बुद्धी तल्लख, पण मान सारखी हलायची, म्हणून भूल हवी. आदल्या दिवशी डॉक्टर नांदेडला. घरी फोनवर कळवायचं काम माझ्याकडं आलं. फोन म्हातारीनंच उचलला.

"आजी, उद्या उपास धरा," मी गोड आवाजात म्हणालो.

भगर चालंल का, असं तिनं विचारलं. उपासाचं तुम्हालाच जास्त कळतं, असं म्हणून मी फोन ठेवला आणि एकटाच हसलो. सुई टोचण्याआधी डॉक्टर विचारतातच, तेव्हा म्हातारीला धोका नव्हता. धोका फक्त त्यांच्या इभ्रतीला होता.

सकाळी भरल्या व्हरांड्यात त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "उपासच धरला रे. भगर आन् दाण्याची आमटी तेवढी खाल्ली."

दीड वर्ष घोकलेलं वाक्य मी सोडलं, "साहेब, इंजेक्शनची गरज न्हाई वाटतं. घरचेच जन्मतः भुलीत."

व्हरांडा हसला. काय ते सुख! चहा पिऊन झाला असता तेवढा वेळही टिकलं नाही. म्हातारी कान टवकारून माझ्याकडं बघत होती.

"काहून रे, फोनवरचा तूच ना? भगरीचं इचारलं तं तुमालाच कळतं म्हणलास."

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आईला आता दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही. तू तिच्याशेजारी बस. तुझाही उपास."

बसलो. एक वाजता माझा डबा मागवला गेला. डॉक्टर समोरच्या खुर्चीत बसले, त्यांनी तो सावकाश उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. म्हातारी आणि मी, दोघंही आवंढे गिळत बघत होतो.

तीन वाजता स्कॅन झाला, अगदी नीट. डबा मला धुऊन परत मिळाला.

त्यात भरलं वांगं होतं. बायकोनं नेमकं त्याच दिवशी.