बाबांची दहा आकडी संख्या

दोन हजार चारची दिवाळी असावी. नागपूरहून एसटीने गोंडपिपरीला घरी पोचले, तर बाबा अंगणात खुर्चीवर बसलेले. मी पाया पडले... आणि त्यांनी आईला विचारलं, ह्या बाई कोण आल्या?

बाबा हल्ली विसरतात, हे आई फोनवर सांगत होतीच. पण मला विसरतील असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एकुलती एक लेक मी, लाडाने डोक्यावर बसवलेली!

बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांची एक लाडकी संख्या होती... २१४७४८३६४७. एकतीस वेळा दोन घेऊन सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही.

उन्हाळ्यात अंगणात मोहफुलं वाळत असायची. बाबा म्हणायचे, एवढी फुलं वेचली आणि दोन-दोनचे, तीन-तीनचे, कसेही सारखे ढीग लावले, तरी काहीतरी उरणारच.

आमचा एक खेळ होता. बाबा ती संख्या म्हणायचे, पण शेवटचा आकडा मुद्दाम चुकवायचे. मी चूक पकडायची आणि आता कशाने भाग जातो ते सांगायचं. बाकीच्या पोरींना बापाकडून गोष्टी, मला हे... आता काय बोलणार!

त्या दिवाळीत सगळं करून पाहिलं. जुने फोटो दाखवले, त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली. एकदा नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं मला. बाबा आपले अहो-जाहो करत राहिले. मला राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

निघायच्या दिवशी बॅग भरून त्यांच्याजवळ बसले. काही सुचेना म्हणून संख्याच म्हणायला लागले. एकवीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, छत्तीस... आणि शेवटी मुद्दाम एकोणपन्नास.

बाबांनी झटकन मान वर केली.

"एकोनपन्नास नाई, सत्तेचाळीस. तुमच्या संख्येले तीननं भाग जाते, बाई."

आई दारात थबकली होती. बाबा, मग मी कोण, असं विचारायला तोंड उघडलं... तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं.

"पाठ नसन तं राहू द्या. माही पोरगी येनार हाये दिवाळीले. तिले इचारा, तिले बरोबर येते."

मी बरं म्हटलं. चंद्रपूर येईपर्यंत एसटीत ओढणीने तोंड झाकून रडले.

पुढच्या उन्हाळ्यात मोह गळायच्या आधीच बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. पण त्यांची पोरगी यायची होती आणि तिला सगळं बरोबर येत होतं... हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अजूनही भाजी निवडताना कधीतरी ती संख्या म्हणते. शेवटचा आकडा मुद्दाम चुकवते, आणि जरा थांबते.