टीचरमावशीचं मृत्युपत्र

टीचरमावशीनं स्वतःच्या मयताचा झगा जिवंतपणीच शिवून घेतला होता आणि दर उन्हाळ्यात ती तो अंगणातल्या दोरीवर ऊन दाखवायला टाकायची. मोतिया रंगाचा, लांब हातांचा. रस्त्यानं जाणारी एखादी बाई विचारायची, "कोणाचो गो ह्यो?" मावशी खुर्चीतूनच सांगायची, "माझो. अजून बरोबर बसता." विचारणारी पाय उचलायची आणि मावशी मनापासून हसायची.

आमच्या आणि तिच्या घरात फक्त एक दगडी गडगा. मालवणच्या शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि स्वतःच्या पगारातून कौलारू घर बांधलं. त्या घरात तिच्याबरोबर लुईजा राहायची, मावशीच्या वारलेल्या भावाची बायको. मूलबाळ नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही. मावशीची आंघोळ, पेज, औषधं सगळं ती बघायची आणि कधी कशाला हं की चूं करायची नाही. मावशीच्या मागे कायद्यानं घर जाणार होतं दुसऱ्या, तोही वारलेल्या, भावाच्या मुलाकडे, मुंबईच्या पीटरकडे. लुईजाला त्यात काही नव्हतं. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांना अशा गोष्टी समजावून सांगायचा तिला भारी सोस. बाजारात मासे घेता घेता कोणालाही पकडून विचारायची, "बँकेत नॉमिनी लावलंस, बरा केलंस. पण नॉमिनी म्हणजे राखणदार, धनी न्हय. मृत्युपत्र खंय आसा?" समोरच्याचा चेहरा पडायचा. सुरमई राहायची बाजूला.

तिचं स्वतःचं मृत्युपत्र तयारच होतं, घर लुईजाच्या नावे. माझ्या वडिलांचं समोर ठेवून तिनं ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. आमच्या कागदावर माझ्या भावाची साक्षीदार म्हणून सही होती, त्याला वाटाही मिळाला, कुठे काही अडलं नाही. म्हणून मावशीनं पहिली साक्षीदार केली लुईजालाच. "देऊचा ता सगळ्यांच्या म्होरे देऊचा आणि घेणाऱ्यान सही करूची. मागसून कोण बोलूक नको," हे तिचं तत्त्व. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या लावून आलं की ती शेजाऱ्यांना चहा-बटर द्यायची आणि तो कागद धडा वाचावा तसा खणखणीत वाचून दाखवायची. लुईजा तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात पळायची.

एका वर्षी त्या वाचनाला कुडाळचे एक वकील होते, तिचेच जुने विद्यार्थी. आमच्या कागदाचा दाखला देत मावशी सह्यांपर्यंत आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, थांबा. शेजारच्यांचं चाललं, कारण ते हिंदू. ख्रिश्चनांना वेगळा नियम आहे. साक्षीदाराला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही. मृत्युपत्र टिकेल, पण लुईजाबाईंना घर मिळणार नाही."

मावशीनं चष्मा काढला. मला तिची फार दया आली. ज्या सहीनं लुईजाचं छप्पर पक्कं करायचं, तीच ते काढून घेणार होती.

त्यात त्याच आठवड्यात मावशी तापानं आडवी झाली. छातीत कफ, धाप, बोलणं तुटक. लुईजा उशाशी बसून रडायची, घरासाठी नव्हे, मावशीसाठी. माझा मात्र जीव दोन्हींसाठी टांगणीला लागला होता. मावशी डोळे उघडून म्हणाली, "रडा नको गो. माका आता मरूक वेळ नाय."

आणि खरंच ती उठली. नव्या मृत्युपत्रासाठी तिची बुद्धी शाबूत असल्याचा दाखला द्यायला डॉक्टर आले. ते तिच्या चौथीतले. "आज वार कुठला, बाई?" त्यांनी विचारलं. "बुधवार. ह्या मी तुका इचारी तेव्हा तुका येय नाय," मावशी म्हणाली. आम्ही रिक्षानं रजिस्टर कचेरीत गेलो. नव्या कागदावर साक्षीदार डॉक्टर आणि मी. कचेरीत मावशीची भाषा एकदम शाळेतली झाली. साहेबांनी विचारलं, "आजी, कोणाचा दबाव नाही ना?" ती म्हणाली, "दबाव मी आणते, साहेब. माझ्यावर कोणी आणत नाही." बाहेर आल्यावर लुईजानं तिचा हात धरला आणि दोघी कितीतरी वेळ पायरीवरच उभ्या राहिल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी रिक्षावाल्यालाही चहा पाजला.

त्यानंतर मावशी आणखी दोन पावसाळे जगली आणि एका दुपारी झोपेतच गेली. महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, पीटर आला. जुन्या कागदाची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली दिसली. त्यानं मला सरळ विचारलं, "साक्षीदार कोण आहेत?" मी म्हटलं, "डॉक्टर आणि मी." त्यानं प्रत दोनदा वाचली, घडी केली आणि परत दिली. वाईट माणूस नव्हता तो.

निघताना त्यानं बॅग उचलली आणि दारात थांबून पहिल्यांदाच लुईजाला विचारलं, "काकी, मे महिन्यात मुलांना घेऊन येऊ का?"

लुईजानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, "येवा. पण आदी फोन करा हां."